बंद न होणारा लॅपटॉप

सुधाकर गेला हे मला यूसुफभाईंच्या फोनवरून कळलं. दौलताबादला चहा पिता पिता माझा नवरा छातीला हात लावून खाली बसला, तेव्हा शेजारी यूसुफभाई होते. मी नव्हते. या गोष्टीला आता दीडेक महिना होईल. भेटायला येणारे अजून विचारतात, शेवटी जवळ कोण होतं... आणि दर वेळी मला त्यांचंच नाव सांगावं लागतं.

सुधाकर मूळचा पाचोडचा, भूगोलाचा शिक्षक. यूसुफभाई त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर दोघांना एकच नाद लागला. दौलताबादच्या आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, जुन्या विहिरींची, शेतांची नावं रेकॉर्ड करायची. गारखेड्यातल्या आमच्या दारात स्कूटरचा हॉर्न वाजला की हा पोह्यांची बशी तशीच ठेवून उठायचा. "तू पण चल की," एकदा म्हणाला होता. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही... घरी आला की हेडफोन लावून ते सगळं लॅपटॉपवर ऐकत बसायचा. तिथंही ते दोघंच.

दहावं झाल्यावर मी तो लॅपटॉप काढला. बॅटरी पार उतरली होती. चार्जिंगला लावून सुरू केला, तर काळ्या पडद्यावर पासवर्डची चौकट. लेकीचं नाव घातलं, पाचोड घातलं, माझं नाव अगदी शेवटी घातलं. काहीच चाललं नाही. दुकानात नेला तर दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, हा विंडोजचा नाय, मशीनचाच पासवर्ड आहे. फॉरमॅट मारला तरी जायचा नाय."

शेवटी नाइलाजानं यूसुफभाईंना बोलावलं. त्यांना माहीत असणारच, याचाच राग जास्त होता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"भाभी, वो तो सुधाकरकोच याद नहीं था."

चोरीच्या भीतीनं त्यानं पासवर्ड घातला आणि थोड्याच दिवसांत विसरला. म्हणून तो लॅपटॉप बंदच करत नव्हता, नुसतं झाकण मिटायचा. मी चार्जरचं बटण बंद केलं की का ओरडायचा, ते आत्ता कळलं.

"नावं विसरायला लागलोय म्हणला. तिला सांगू नको, ती घाबरंल," यूसुफभाईंनी त्याचेच शब्द सांगितले.

मी घाबरले असते, खरंय. पण ते घाबरणं माझ्या हक्काचं होतं. त्याचं विसरणंसुद्धा त्यानं दुसऱ्याच्या हाती दिलं...

दुरुस्तीवाल्यानं पुढं वाट काढली. आतल्या डिस्कला कुलूप नव्हतं. ती काढून त्यानं दुसऱ्या मशीनला जोडली आणि सगळी रेकॉर्डिंग जशीच्या तशी निघाली. यूसुफभाईंनी कॉपी मागितली. मी स्पष्ट सांगितलं, "कॉपी मिळणार नाही. ऐकायचं तर इथं येऊन, माझ्यासमोर ऐका."

ते येतात. आम्ही समोरासमोर बसून ऐकतो. कुणी आजी विहिरीचं नाव सांगत असते, मधेच यूसुफभाई तोंडावर रुमाल धरून हसायला लागतात. सुधाकर पुढं काय बोलणार हे त्यांना ठाऊक असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबून राहते... मग सुधाकर बोलतो, आणि मला हसू येतं. त्यांच्या मागून.