गुप्त्यांचा हवाई पाळणा

प्रभाकर गुप्ते यांनी उमेदीची सगळी वर्षं दगड हवेतून नेण्यात घालवली. खाणीतला चुनखडक लोखंडी बादल्यांत भरायचा, बादल्या पोलादी दोराला लटकवायच्या आणि डोंगरावरून थेट सिमेंटच्या कारखान्यात उतरवायच्या. असे रोपवे आखून देणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत ते इंजिनीअर होते. राहायला मात्र पनवेलला, लाईन आळीत, आमच्या भिंतीला भिंत लागून.

माणूस सज्जन. फक्त जगाकडे वजन म्हणून बघायची खोड होती. त्यांच्या झोपाळ्यावर तिसरा पाहुणा बसू लागला की ते हसतमुखानं त्याला खुर्ची द्यायचे आणि नजर कड्यांवर ठेवायचे. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याकडे दुर्लक्ष करून मांडवाचे बांबू न्याहाळायचे. कुमुदवहिनी सांगायच्या, "मला बघायला आले, तेव्हासुद्धा अर्धा वेळ आमच्या माळ्याच्या तुळईकडेच बघत होते. मी पसंत पडले की तुळई, ते अजून कळलेलं नाही."

एक्क्याण्णव साली भाताच्या गिरणीवाले जगनशेठ त्यांच्याकडे आले. गाढी नदीपलीकडे शेठनी एक टेकडी घेतली होती. पायथ्याशी पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, भुताचा बंगला; माथ्यावर हॉटेल. नाव 'मेघमाला'. खालून वर जायला त्यांना रोपवे हवा होता.

"शेठ, मी आजवर फक्त दगड नेलेत," गुप्ते म्हणाले.

"मग सोपंच झालं की! माणसं दगडापेक्षा हलकी."

या शास्त्रशुद्ध युक्तिवादापुढं गुप्त्यांचं काही चाललं नाही. खरं तर त्यांना मनातून जायचंच होतं. त्यांनी कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कामाला लागले.

सुरुवात वजनापासून झाली. परदेशी पुस्तकात प्रवाशाचं सरासरी वजन दिलेलं होतं, पण ते पनवेलच्या माणसाला लागू पडेल का, अशी गुप्त्यांना शंका. त्यांनी शेठच्या गिरणीतून पोत्यांचा वजनकाटा आणून ओटीवर ठेवला. घरी येईल त्याला आधी काट्यावर उभं राहावं लागे, मग चहा. पुरुषांनी ते हसण्यावारी नेलं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींकडे जेमतेम चार बायका आल्या. तेव्हा वहिनींनी काट्यावर चादर टाकली, चादरीवर तुळशीची कुंडी ठेवली आणि म्हणाल्या, "आता हिचं वजन घ्या."

तोवर गुप्त्यांना हवे होते ते आकडे मिळाले होते. टेकडीवर खांबांच्या जागा ठरल्या, दोर ठरला, डब्यांची मापं ठरली. परदेशातल्या मोठ्या रोपवेत डबा स्टेशनात थांबत नाही. अगदी हळू सरकत राहतो, लोक चालता चालता आत शिरतात. गुप्त्यांनी तशीच योजना केली. डबे सतत येत राहणार, रांग सतत पुढं सरकणार. शेठ खूश होते.

गुप्ते मात्र कागदावर समाधान मानणारे नव्हते. टपाल नाक्याजवळ मुबारक मुकादम यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. मुबारकभाई कुवेतला तेलकंपनीत होते, तिथं लढाई पेटल्यावर परत आलेले. गुप्त्यांनी त्यांच्याकडून लोखंडी अँगल आणि प्लायवूडचा डबा करून घेतला, तो रुळांवर बसवला आणि सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगानं ओढायची सोय केली. एका रविवारी आळीतल्या सगळ्यांना चढून-उतरून दाखवायचं आमंत्रण गेलं.

"गुप्तेसाब, जत्राच भरली म्हणायची," मुबारकभाई म्हणाले आणि त्यांनी बायकांसाठी खुर्च्या मांडल्या.

पहिली आली सोनाबाई, आळीत मासे विकणारी. पाटी डोक्यावर, पदर खोचलेला. डबा सरकत असताना टुणकन आत, टुणकन बाहेर. पाटीतला एक बोंबील हलला नाही.

"यष्टी थांबायच्या आदी आमी चढतो," ती म्हणाली, "ह्यो पालना काय अवगड नाय."

गुप्त्यांचा चेहरा उजळला. मग आळीतल्याच गोदूबाई आल्या, निनाद आणि सई या नातवंडांना घेऊन. त्यांनी दोघांना उचलून डब्यात बसवलं आणि मागं वळून हाक मारली, "अगं कुमुद, माझी पिशवी कुठं राहिली?" पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती. ती सापडेपर्यंत डबा पुढं गेला होता. सईनं भोकाड पसरलं. निनाद खिडकीतून टाटा करत होता. सगळं वर्कशॉप हसलं.

"पुन्हा एकदा," गुप्ते म्हणाले. ते हसत नव्हते.

या वेळी गोदूबाई हुशारीनं आधी स्वतः चढल्या. मुलं बाहेर राहिली. पुन्हा हशा पिकला. त्यांच्यामागून एक नवराबायको आली. 'तू आधी', 'नाही, तुम्ही आधी' करता करता दोघंही राहिली आणि रिकामा डबा भिंतीपर्यंत जाऊन आला.

लोक करमणूक झाली म्हणून घरी गेले. गुप्ते त्या रिकाम्या डब्यात बसून राहिले. वर्कशॉपची भिंत पंधरा पावलांवर होती म्हणून हसता आलं. टेकडीवर तिथं दरी होती.

पुढचे काही आठवडे ते जेवताना ताटातल्या भाताचे ढीग करून डब्यांसारखे पुढंमागं सरकवायचे. एक डबा थांबवायचा तर सगळा दोर थांबतो, आणि मधल्या डब्यांतली माणसं दरीवर टांगून राहतात. शेवटी त्यांनी डबेच कमी केले. तीन डबे एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. हे तीन खाली पोचतील तेव्हा ते तीन वर. मध्ये कुणी नाही. मग दोर पूर्ण थांबवायचा, सगळी चढली की दारं लावायची, आणि निघायचं.

शेठ नवा नकाशा बघून म्हणाले, "तासाला माणसं किती जाणार?"

"आधीच्या निम्मी."

"गुप्तेसाहेब, मी तुम्हाला गिऱ्हाईक वाढवायला आणलं होतं!"

"माहीत आहे."

"अहो, परदेशात चढतात ना चालत्या डब्यात?"

"चढतात. तिथं माणूस चढतो. आपल्याकडं अख्खं घर चढतं." गुप्त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बादलीतून दगड पडला तर आम्ही एक दगड कमी धरायचो, शेठ. हे तसं नाही. जुन्या नकाशावर मी सही करणार नाही."

आयुष्यात त्यांनी वरिष्ठांपुढं कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. पण घरी आल्यावर त्यांनी जुना नकाशा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मगच चहा मागितला.

शेठनी काही दिवस अबोला धरला. मग स्वतःच खात्री करायला वर्कशॉपवर आले. सोबत आई होत्या, दमयंतीबाई. डबा चालू झाला. दमयंतीबाई मोठ्या धिटाईनं आत शिरल्या, पण मुलाचा हात काही सोडेनात. शेठ देहानं भरभक्कम, दार अरुंद. आई आत, शेठ बाहेर, आणि डबा निघालेला. शेठ त्याच्याबरोबर चालू लागले, मग पळू लागले. "सोड, आई!" "तू ये ना आत!" असं ओरडत दोघं भिंतीपर्यंत गेले.

मुबारकभाईंनी तोंड फिरवून यंत्राला तेल घातलं. घाम पुसत शेठ म्हणाले, "थांबवा डबा. आणि दार जरा रुंद करा."

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात रोपवे सुरू झाला. सरकारी तपासणी झाली, नारळ फुटला. गुप्ते मात्र खालीच घुटमळत होते. दगडांच्या बादलीत माणसानं बसायला मनाई असते. त्यामुळे इतके रोपवे आखून हा गृहस्थ जन्मात एकाही रोपवेत बसला नव्हता. हे त्या दिवशी प्रथम उघडकीला आलं. वहिनींनी त्यांना दंडाला धरून आत बसवलं.

डबे मधल्या खांबाच्या पुढं गेले आणि वीज गेली. दोर थांबला. डबा झुलला.

"अहो, तो बघा कर्नाळ्याचा सुळका! किती स्वच्छ दिसतोय."

"दोर तुटणार नाही, कुमुद."

"मी कुठं म्हटलं तुटेल?"

"लागते त्याच्या पाचपट ताकद ठेवलीय मी."

"मग डोळे का मिटलेत?"

गुप्त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. वहिनींनी त्यांच्या एका हाताची बोटं एकेक करून सोडवली आणि तो हात आपल्या हातात घेतला. मग गुप्त्यांनी एक डोळा उघडला. खाली भातखाचरं होती, नदीचा वाकडा पट्टा होता, लांब पनवेलची घरं. थोड्या वेळानं त्यांनी दुसराही उघडला.

खाली यंत्रापाशी थांबलेल्या मुबारकभाईंनी अशा वेळेसाठी ठेवलेलं डिझेल इंजिन चालू केलं, आणि डबे हलक्या झटक्यानं वर निघाले.

माथ्यावर उतरल्यावर गुप्ते हॉटेलच्या पायरीवर बसले आणि कुणीतरी आणून दिलेलं लिंबूपाणी एका दमात प्याले. वहिनी तोवर खाली जायच्या रांगेत उभ्याही राहिल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी आणखी तीन फेऱ्या केल्या, दोन गोदूबाईंबरोबर आणि एक एकटीनं. गुप्ते संध्याकाळी शेठच्या जीपमधून रस्त्यानं खाली आले. कुणीतरी विचारलंच, तेव्हा म्हणाले की घाटरस्त्याच्या संरक्षक भिंतीही एकदा बघायच्या होत्या.