वाणाचा डबा आणि सात सह्या

कोकिळाबाईबद्दल लिहायचं तर आधी संडासाबद्दल लिहावं लागतं. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडावं. सेलूजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये पन्नासेक बायका दिवसभर पट्ट्यावरच्या कापसातला काडीकचरा वेचतात. त्यांच्यासाठी बांधलेल्या संडासाला कुलूप होतं आणि आत बारदान कोंबलेलं होतं. कागदावर मात्र ते संडासच. बायका सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, आणि अगदीच नाइलाज झाला तर कापसाच्या गंजीमागे जायच्या. मी काट्यावर गाड्यांच्या पावत्या लिहिते. मला ऑफिसातलं संडास उघडं होतं, म्हणून मला कधी राग आला नाही.

कोकिळाबाई हिंगणीची. नवरा गेला तेव्हा अठ्ठावीसची होती, त्याला आता सोळा वर्षं झाली. सकाळच्या पहिल्या ऑटोनं येते, नाकातोंडाला रुमाल बांधते आणि पट्ट्यावर उभी राहते. शाळा चौथीपर्यंत. बोलते कमी, पण समोरचा खोटं बोलत असला तर त्याच्याकडे अशी बघत राहते की त्याला घाम फुटतो.

डिसेंबरात रामबाई गंजीमागे गेली. ही गोंडाची, बोर धरणाकडून येणारी. आमचे मॅनेजर सदाशिवराव तिच्या मागोमाग गेले. बाईमाणूस लुगडं सावरत उठते आहे आणि हा गृहस्थ तिथंच उभा राहून विचारतो, काम सोडून कुठं फिरते? दुसऱ्या दिवशी तिला गेटच्या आत सोडलं नाही. लिहितानासुद्धा मला शिसारी येते.

जेवणाच्या सुट्टीत कोकिळाबाई म्हणाली, "आज रामबाईले काढलं, उद्या तुमाले काढतीन. युनियन करा लागते."

एक्केचाळीस जणींनी सह्या-अंगठे दिले. अर्ज मी लिहिला, नागपूरच्या कचेरीत नोंदणीसाठी गेला. रामबाई रोज गेटबाहेर लिंबाखाली येऊन बसायची. मालकांनी घ्यावं म्हणून नाही, आम्ही विसरू नये म्हणून.

मग संक्रांत आली. आजवर जिनिंगमध्ये कधी हळदीकुंकू झालं नव्हतं. त्या वर्षी सदाशिवरावांच्या पत्नी सुरभी मॅडमनी मांडव घातला. आमचं झालं हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी. विधवांना बोलावणं नव्हतं. त्यांना सदाशिवराव म्हणाले, "तुमी पट्टा चालू ठेवा." आणि यात आम्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही. असंच असतं ना!

मॅडमनी स्वतः हातानं कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. डबा घेतला की रजिस्टरवर सही. कोणी दोनदा वाण नेऊ नये म्हणून, असं हसत हसत सांगितलं. पानाचा वरचा भाग कोरा होता. बाकीच्यांचं सोडा, मी बारावी झालेली. तो कोरेपणा मला दिसला होता. तरी सही केली. डबा चांगला होता, घट्ट झाकणाचा.

फेब्रुवारीत नागपूरहून पत्र आलं, सोबत त्या पानाची झेरॉक्स. वर आता टाइप केलं होतं, "आमचा या युनियनशी काही संबंध नाही." खाली आमच्या चौतीस सह्या. अर्ज बाद.

बायकांनी मॅनेजरच्या सात पिढ्या उद्धरल्या. मनकर्णाबाई रडत म्हणाली, "कुंकवाले नाई म्हणता येते का वं?" तिनं डबा मात्र परत केला नाही. मीही नाही.

कोकिळाबाईनं कोणालाच शिवी दिली नाही. कागद माझ्या पुढ्यात ठेवला. "कोणाच्या सह्या नाईत ते वाच."

मी सात नावं वाचली. सातही जणी त्या दिवशी पट्ट्यावर होत्या.

"आमच्या कपाळाले कुंकू नाई म्हणून आमी रजिस्टरात नाई," ती म्हणाली. "गडीमाणसं धरून सत्तर कामगार. युनियनले सात सह्या पुरतात न?"

"पुरतात."

"मंग लिही दुसरा अर्ज."

मी लिहिला. आठवी सही कर असं ती म्हणाली नाही, आणि मीही स्वतःहून केली नाही.

मार्चात नोंदणी झाली. संडासाची तक्रार गेली, सरकारी कारखाना निरीक्षक साहेब तपासणीला आले. कुलूप उघडलं तसं बारदान आणि त्यातले उंदीर त्यांच्या बुटांवर आले. सदाशिवराव लगेच मऊ झाले. संडास आजच देतो म्हणाले, फक्त त्या बाईचं नाव काढू नका.

"संडास मंग. आधी रामबाई," कोकिळाबाई म्हणाली, आणि त्या सात जणी गेटमध्ये आडव्या बसल्या. कापसाच्या गाड्यांची रांग थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. दोन दिवस आम्ही खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सदाशिवराव रडकुंडीला आलेले दिसले, तेव्हा आम्ही बाकीच्या जाऊन बसलो. वाघिणी! संध्याकाळी रामबाई आत आली. संडासाला आता आतून कडी आहे, नळ आहे. युनियनमध्येही आता आम्ही सगळ्या आहोत.

यंदाच्या संक्रांतीला आम्ही युनियनचं हळदीकुंकू केलं. मॅडमला बोलावलं नाही. मोठ्या तोऱ्यात बोलावलं नाही. आणि त्या सात जणींनाही नाही. कोणी ठरवलं नव्हतं. नेहमीसारखं आपोआप झालं. मनकर्णाबाईनं मला कुंकू लावलं, मी कपाळ पुढं केलं, आणि मागून पट्ट्याचा आवाज आला तेव्हा कुठं मला उमगलं.

मी तिळगूळ घेऊन पट्ट्यावर गेले. कोकिळाबाईनं रुमाल खाली ओढला, लाडू तोंडात टाकला.

"रजिस्टर ठेवलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग बरं. जाय तू, पट्टा आमी पाह्यतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी आमच्या नव्या संडासात गेले, आतून कडी लावली आणि नळाखाली कपाळ खसाखसा धुतलं. कुंकू गेलं. किळस गेली नाही.