वाढत्या अंगाचं माप

बारावीनंतर पुण्याला जाऊन फॅशन डिझाइनची डिग्री करावी, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी बोलले नाही. शहराबाहेर कुंभारीत दोन खोल्यांचं घर, आई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची आणि मी मोबाइलवर रॅम्पवरचे कपडे बघत बसायची. अमुक बाही त्या खांद्यावर कशी बसवली असेल, या विचारात कितीदा भात करपवला. जुन्या चादरींची जाकिटं शिवायची आणि गल्लीतल्या मुलींच्या अंगावर बळंच चढवायची, एवढाच माझा अनुभव.

शहरात एका बाईंचं बुटीक होतं, त्यांच्याच बंगल्याच्या खालच्या मजल्यावर. त्यांचे कपडे पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत जात. दोन जाकिटं पिशवीत घालून मी तिथे गेले. डिग्रीचं विचारतील म्हणून उत्तर पाठ केलं होतं. मॅडमनी डिग्री विचारली नाही, पिशवीही उघडायला लावली नाही. वय विचारलं, सरळ उभी राहा म्हणाल्या, गळ्यातला टेप काढून खांद्यापासून घोट्यापर्यंत माझं माप घेतलं आणि सोमवारपासून ये म्हणाल्या.

मी तरंगतच घरी आले. आईने सगळं ऐकून घेतलं, पोळी उलटली आणि विचारलं, "शिवनार तू, आन् माप बी तुजंच? ते कशाला गं?" मी म्हटलं, मोठ्या ठिकाणी अशीच पद्धत असते. मोठ्या ठिकाणाबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढंच तिलाही. तिने मला दुसरी पोळी वाढली.

काम मात्र खरं होतं. आधी मांजरपाटावर कापायचं, पुतळ्यावर चढवून बघायचं, चुकलं तर उसवायचं, मग खऱ्या कापडाला हात लावायचा. मॅडम शिकवायला कंजूष नव्हत्या. रागवायच्या, पण कात्री कशी धरायची इथपासून सांगायच्या. पहिल्या दिवाळीपर्यंत मी गिऱ्हाइकांचे ब्लाऊज स्वतः कापायला लागले होते. डिग्रीवाल्या पोरी कुठे असतील ते असोत, मी टेबलाशी उभी होते, आणि त्या टेबलावरून हलायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

मधूनच एक काम निराळं यायचं. मॅडम एका चिठ्ठीवर माप लिहून द्यायच्या, कापड स्वतः निवडायच्या. कधी कॉलेजला शोभेल असा कुर्ता, कधी लग्नात घालायचा घागरा. शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड राखतात, पुढे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. तयार कपड्यांच्या कारखान्यात माया नखाएवढी. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना आम्ही दोन बोटं ठेवायचो. या कपड्यांना मॅडम सांगायच्या, "चार बोटं माया ठेव. वाढतं अंग आहे."

मला वाटलं, असेल कुणी श्रीमंताची मुलगी, पुण्याला हॉस्टेलवर. पण ती ट्रायलला कधी आली नाही. कपडा तयार झाला की मॅडम तो आतल्या खोलीत नेऊन ठेवायच्या. काही महिन्यांनी तोच बाहेर यायचा, आणि बगल अर्धं बोट सोड, उंची थोडी उतरव, असं सांगायच्या. मी शिवण उसवून ती राखलेली माया सोडायची. न घातलेल्या कपड्याला वास नसतो, घामाचा नाही, पावडरचा नाही. हा कपडा कुणाच्याही अंगाला न लागता वाढत चालला होता. हे ध्यानात आलं तेव्हा मी तो पुन्हा एकदा हुंगून बघितला. मॅडम समोरच चहा पीत होत्या आणि दूध पातळ आलंय म्हणत होत्या.

मग एकदा चिठ्ठीवर खाली लिहून आलं, डावा खांदा अर्धा इंच उतरता. माझा डावा खांदा उतरता आहे. शाळेत माझ्या युनिफॉर्मची ओढणी त्याच बाजूने घसरायची आणि बाई मलाच ओरडायच्या. मी चिठ्ठीवरची बाकीची मापं वाचली. त्याच आठवड्यात मॅडमनी माझं माप घेतलं होतं, सवय राहावी म्हणून, असं त्या दरवेळी म्हणायच्या. छाती, कंबर, बाही, सगळं माझं होतं.

मॅडम बँकेत गेल्या तेव्हा मी आतल्या खोलीत गेले. एका दांडीवर कपडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले होते. पहिला शाळेचा फ्रॉक होता, काखेत विटलेला, म्हणजे कुणीतरी घातलेला. त्याच्यानंतरचे सगळे कोरे. भिंतीवर त्याच फ्रॉकमधल्या मुलीचा फोटो, त्याला चंदनाचा हार. तिचे दोन्ही खांदे अगदी सरळ होते. पुढच्या कपड्यांवरून मी हात फिरवत गेले. मी नोकरीला लागल्यापासूनच्या प्रत्येक कपड्याचा डावा खांदा हळूहळू खाली येत होता, आणि एकेक कापताना मला ते कळलं नव्हतं. ती पोर माझ्यासारखी होत चालली होती.

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. मॅडम आल्यावर मी थेट विचारलं, मला कामासाठी घेतलं की मापासाठी?

"मापासाठी," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी असती तर तुझ्याच वयाची. काम मी नंतर बघितलं." पर्स खुंटीला अडकवली आणि पुढे म्हणाल्या, "काम चांगलं आहे तुझं."

त्या दिवशी सहा आसनी रिक्षात मी कुंभारीपर्यंत रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का गं? आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सोडून दे. जित्या मानसाचं माप तितं न्हाय द्यायचं." पण सोडून जाणार कुठे? दुसऱ्या कुठल्याही दारात पहिला प्रश्न डिग्रीचा होता. मी कामावर गेले. दर दोन-तीन महिन्यांनी सरळ उभी राहिले. मॅडमचे हात थंड असायचे, आणि मी छताकडे बघत राहायची.

वर्षं गेली. आज मॅडमच्या बुटीकातलं ते टेबल माझं आहे. चादरीच्या कापडाची माझी जाकिटं मुंबईच्या प्रदर्शनात लागतात आणि माझं शिक्षण तिथे कुणी विचारत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा आतल्या खोलीत शालू आला. मला लग्न मानवलं, कंबर सुटली, तर तिचीही सुटली. यावर मी नवऱ्याजवळ चेष्टा करायची. तो हसायचा नाही.

यंदा उन्हाळ्यात माप घेताना मॅडमनी कंबरेशी टेप थांबवला. काढला, पुन्हा लावला. मला दिवस गेल्याचं मी अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात टेबलावर एक झबलं होतं, पांढऱ्या मलमलचं, बंदांचं, मॅडमनी स्वतः हाताने शिवलेलं. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी नवं शिवत नाहीत, हे आमच्यात लहान पोरीलाही ठाऊक असतं. मॅडमनाही ठाऊक असणार. मी म्हटलं, मॅडम, असं आधी शिवू नये.

"तुझ्यासाठी नाही शिवलं," त्या म्हणाल्या. "तुझं झाल्यावर शिवू. हे तिच्या बाळाचं."

"पण आधी..."

"ते यायचंच नाहीये ना. त्याला चालतं."

बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. मी पोटावर हात ठेवून उभी राहिले. निघून जावं, घरी जावं, परत या दारात येऊ नये, असं सगळं मनात आलं. मग ते झबलं मी हातात घेऊन उलटवून बघितलं. तान्ह्याच्या कपड्याची शिवण बाहेरून ठेवतात. मॅडमनी आतून घेतली होती. बाळाला टोचली असती.

मी खुर्ची ओढली आणि शिवण उसवायला बसले.