धवळीचं अर्धं बनियन

सोनलचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायच्या घाईत डबा भरत होते. "मावशी, बाबा गाडीत बसलेत आणि बोलत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. रडत नव्हती, ओरडतही नव्हती. मला तिच्या त्या शांत आवाजाचीच धडकी भरली. सुरतेत माझ्या लिंबायतहून ताईची डिंडोली काही लांब नाही, पण त्या सकाळी रिक्षा प्रत्येक फाटकाशी अडकल्यासारखी वाटत होती आणि मी मनात एकच घोकत होते, चक्कर आली असेल, उन्हाळा सुरू झालाय, चक्करच असेल… पोचले तर पार्किंगमध्ये दाजींची जुनी पांढरी गाडी उभी होती. बॉनेट उघडं, मडगार्डवर पाण्याचा तांब्या, आणि दाजी ड्रायव्हरच्या जागी, दोन्ही हात मांडीवर, मान काचेला टेकलेली. ताई गाडीपासून दोन पावलं मागे उभी होती. मला पाहून म्हणाली, "विमल, यांना उठव गं." ती स्वतः हात लावत नव्हती. मी लावला. हात गार होता.

त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून सकाळी फोन वाजला की उचलायची मला भीती वाटते. दाजी असते तर म्हणाले असते, "बघ, आता आली ना माझ्या पंगतीला." कारण दाजी म्हणजे एक नंबरचे भित्रे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण ते स्वतःच चारचौघांत सांगत फिरायचे. झोपण्याआधी गॅस बंद आहे ना हे बघायचे, अंथरुणावर पडले की पुन्हा उठून बघायचे. लिफ्ट बंद पडेल म्हणून चार मजले पायी चढायचे. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत मांजानं गळा कापेल या भीतीनं गळ्याला मफलर गुंडाळून स्कूटर चालवायचे आणि सुरतेच्या त्या थंडीत घामानं निथळायचे. उकाई धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आमच्या दाजींची पिशवी भरलेली. तापी कुठे, डिंडोली कुठे! मी त्यांची मेहुणी, चेष्टा करायचा हक्कच माझा. मी म्हणायचे, "दाजी, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा पळून कसे नाही गेलात?" ते अगदी गंभीरपणे सांगायचे, "दारात तुझा मोठा भाऊ उभा होता."

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. घरात अहिराणी बोलतो, पण इथे मी माझ्या शाळेतलंच मराठी लिहिते. दाजी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होते. मिलच्या शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची जुनी आवारात धूळ खात पडली होती. ती दाजींनी घेतली. आम्ही सगळे हसलो. पण त्यामागेही भीतीच होती. गावी जायचं तर एसटीत बसायला ते घाबरायचे, कारण ड्रायव्हर अनोळखी! म्हणजे बघा, भीतीपोटी माणसानं गाडी घेतली, आणि तीही अशी, की जिच्यात बसायची दुसऱ्या कोणाची छाती होऊ नये. तिचं नाव त्यांनी धवळी ठेवलं. गावाकडे त्यांच्या वडिलांची पांढरी गाय होती, तिचं नाव.

धवळी चालवताना दाजी बोलत नसत, ऐकत असत. कुठे खुट्ट झालं की कान टवकारायचे. ती बंद पडली की त्यांची एक रीत होती, ती मला आजही तोंडपाठ आहे. आधी करंट बघायचा, मग पेट्रोल, मग पाणी. देव शेवटी. करंट आहे का हे प्लगची वायर काढून बघायचं, ठिणगी पडली तर तिथला दोष नाही, पुढे चला. हात थरथरत असायचे, पण क्रम कधी चुकला नाही. मी एकदा विचारलं होतं, एवढे घाबरता तर डोकं कसं चालतं हो? म्हणाले, क्रम आहे म्हणून चालतं, नाहीतर मी बसून रडलो असतो.

ज्या दिवसामुळे हे सगळं लिहितेय तो आखाजीचा आदला दिवस. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. सोनल तेव्हा चार वर्षांची होती आणि माझं लग्न व्हायचं होतं. आम्ही चौघं धवळीतून गावी निघालो. डिकीत सगळ्या जावा-नणंदांसाठी घेतलेल्या साड्या ठासून भरल्या होत्या. नवापूर सोडेपर्यंत सोनल बडबडत होती. मग गप्प झाली. ताईनं कपाळाला हात लावला तर पोर फणफणलेली. ऊन लागलं होतं. साक्रीला डॉक्टर गाठू म्हणून दाजींनी वेग वाढवला आणि कोंडाईबारीच्या घाटात, भर चढावर, धवळी दोनतीन आचके देऊन थांबली.

वैशाखातली दुपार. घाटात सावली औषधालाही नाही. मागून भरलेले ट्रक घरघरत येत होते आणि आम्हाला वळसा घालून जात होते. चढावर थांबला तर भरलेला ट्रक पुन्हा हलत नाही, म्हणून कोणी थांबेना. मी हात करून करून थकले. मोबाईल तेव्हा आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. दाजींनी पहिल्यांदा चाकामागे लाकडाचा ठोकळा लावला, गाडी मागे गडगडेल या भीतीनं तो त्यांच्या पायाशी कायम असायचा. मग बॉनेट उघडलं. करंट होता. पेट्रोलच्या पंपाची नळी काढली आणि मला चावी फिरवायला सांगितलं. नळीतून पेट्रोल येईना, नुसते बुडबुडे फुसफुसत होते. दाजी म्हणाले, पेट्रोलला ताप आलाय. त्या जुन्या गाड्यांत पंप इंजिनला चिकटून असतो. फार तापला की पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि गाडीचा घसा कोरडा पडतो. तासभर थांबलं की आपोआप निवते. पण तास आमच्याकडे नव्हता. सोनलचे ओठ वाळले होते, हाक मारली तर ती ओ देत नव्हती.

उपाय दोघींचा एकच होता, गाडीचा आणि पोरीचा. ओलं फडकं. पंपावर ठेवायचं, कपाळावर ठेवायचं. आणि इथे आमची सुरत आम्हाला नडली. ताईनं पदर भिजवून पोरीच्या कपाळावर ठेवला, पाणी घरंगळून गेलं. माझी ओढणी, तेच. डिकीतल्या साड्या उपसल्या, एकामागून एक. सगळं सुरतेचं कापड, चकचकीत, सुळसुळीत, थेंब धरेल तर शपथ. कापडाच्या गावची माणसं आम्ही, गाडीभर कापड घेऊन रस्त्यावर उभी, आणि पाणी धरेल असं एक फडकं नाही. मला तेव्हा खरंच वाटलं, आता ही पोर आपल्या हातातून जाणार.

मग दाजींनी शर्ट काढला. हा माणूस इतका लाजरा, की मेहुणी घरात असली तर बनियनवर कधी बाहेरच्या खोलीत आला नाही. पण डाइंगच्या उकाड्यात घाम टिपायला म्हणून अंगात नेहमी सुती बनियन. ते त्यांनी काढलं, कड दातात धरली आणि उभं फाडलं. एक तुकडा ताईकडे दिला, एक स्वतःच्या हातात ठेवला. राहिला प्रश्न पाण्याचा. रेडिएटरमधलं उकळत होतं. बाटलीत तळाला थोडं उरलं होतं आणि बाटली ताईनं छातीशी धरली होती. "हे सगळं माझ्या पोरीचं आहे," ती म्हणाली. "गाडी मेली तरी चालेल."

दाजी तिच्यासमोर उभे राहिले. उघडे, घामानं डबडबलेले. आयुष्यात त्यांनी ताईचा शब्द कधी मोडला नव्हता. म्हणाले, "माले बी भ्याव वाटस. पन दे."

तिनं दिली नाही. त्यांनी हिसकावून घेतली. पोरीच्या फडक्यावर चार थेंब शिंपडले, ओठ ओले केले, आणि उरलेलं सगळं पंपावर गुंडाळलेल्या फडक्यावर ओतलं. ताई फक्त बघत राहिली. तसं बघणं मी तिच्या डोळ्यांत त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. दाजी पंपावर वाकून तोंडानं फुंकर घालत होते, बाळाच्या दुधावर घालतात तशी. मी चावी धरून बसले होते. हे चुकले असतील तर? पाणीही गेलं आणि गाडीही नाही, तर? त्यांनी मान हलवली. मी चावी फिरवली. धवळी खोकली… पुन्हा खोकली… आणि लागली.

साक्रीच्या डॉक्टरांनी सोनलला सलाईन लावलं आणि वेळेत आणलंत म्हणाले. दाजी बाहेर गेले आणि भिंतीला धरून भडाभडा ओकले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. ताई आत पोरीपाशी बसून होती. ती त्यांच्याशी आखाजी संपेपर्यंत बोलली नाही. पुढे बोलायला लागली, संसार झाला, पोर शिकली, पण त्या बाटलीचा विषय घरात कधी निघाला नाही. कोणी घाटाची गोष्ट काढली की ताई उठून स्वयंपाकघरात जायची.

दाजींनी मात्र त्या दिवसाचं व्रतच घेतलं. दरवर्षी उन्हाळा लागला की एक जुनं बनियन ते उभं फाडायचे. एक अर्धं पंपावर, साडीच्या काठानं बांधलेलं. दुसरं घडी करून समोरच्या खणात. सोनलला नोकरी लागली, ती स्वतःची स्कूटर उडवायला लागली, तरी त्या घडीचं नाव "सोनलचं" होतं. आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन ते खाली जायचे. गाडी कुठे जायची नसली तरी पंपावरचं फडकं ओलं करायचे, मग पाच मिनिटं इंजिन चालवायचे. उभ्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. सोसायटीतली माणसं हसायची. मीसुद्धा म्हणायचे, "काय दाजी, झाला का अभिषेक?" ते म्हणायचे, "कोरडं राहायला नको गं." त्या सकाळीही ते त्यासाठीच खाली गेले होते.

ते गेल्यावर ताईनं धवळीची धास्ती घेतली. पार्किंगमधून जाताना तोंड फिरवायची. गाडीनं माणूस खाल्ला म्हणायची. रात्री इंजिनचा आवाज आल्यासारखा वाटतो म्हणून खिडक्या लावून झोपायची, एवढ्या उकाड्यात. मी समजूत काढायला जायचे, पण खोटं कशाला बोलू, त्या पांढऱ्या गाडीकडे बघायची मलाही भीती वाटायची. शेवटी सोनलनं जुन्या गाड्या भंगारात घेणारा माणूस शोधला. आखाजी झाली की या, असं ताईनंच त्याला सांगितलं.

आखाजी आली. या वेळी घागर दाजींच्या नावाची. ताईनं ती भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोरी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला. दुसऱ्या दिवशी घागरीतलं पाणी झाडाला घालायचं म्हणून ती उठली, मी मागे गेले. वाटलं, तुळशीपाशी जाईल. ती घागर कडेवर घेऊन जिना उतरायला लागली. चारही मजले. लिफ्टकडे बघितलं नाही. धवळीपासून दोन पावलांवर तिचा पाय अडला, तिथेच, त्या दिवशी जिथे उभी होती. मला म्हणाली, उघड.

बॉनेटची कळ मला पटकन सापडेना. उघडलं तेव्हा पंपावर ते फडकं तसंच बांधलेलं होतं. वाळून कडक झालेलं. ताई किती तरी वेळ बघत राहिली. मग पुढे झाली आणि घागर तिरकी केली. पाणी त्या फडक्यावर पडलं, काळपट होऊन खाली गळायला लागलं.

"त्या दिवशी मी दिलं नव्हतं," ती म्हणाली. "हिसकावून घ्यावं लागलं तुम्हाला. आज घ्या… मी देतेय."

घागर रिकामी होईस्तोवर तिनं हात खाली घेतला नाही. मी तोंडात पदर कोंबून उभी होते.

भंगारवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. गाडीचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही, चालवणार कोण हाही प्रश्नच आहे. ताई अजून तिच्यात बसत नाही, भीती वाटते म्हणते. पण सकाळी तांब्या घेऊन खाली जाते. काल मी समोरचा खण उघडला तर दुसरी घडी तिथेच होती, पांढरी, कोरडी. मी हात घालणार तेवढ्यात ताई म्हणाली, राहू दे तिथेच, ती सोनलची आहे.