सलीम श्वास घ्यायचा तेव्हा

सलीमच्या बायकोचा, रझियाचा फोन आला तेव्हा गॅसवर कुकर होता. "ताई, हे गेले. दुकान उघडताना छातीत दुखलं, तिथंच..." मी "बरं" म्हणाले आणि गॅस बंद केला. असं कुणी "बरं" म्हणतं का? पण मी म्हणाले. डाळ कच्ची राहिली होती, ती संध्याकाळी परत शिजवली. याला आता दीड महिना होईल. रडू अजून आलेलं नाही.

सलीमचं नांदेडला फोटो फ्रेम करायचं दुकान. मागच्या खोलीत आमचा 'नुसता गळा' हा गाण्याचा गट जमायचा. मी शाळेत गणित शिकवते, प्रकाश तहसिलीत, वैशाली दवाखान्यात. आम्ही तिघं गायचो. ढोलकी, झांज, सगळं सलीमच्या तोंडातून. वाद्य एकही नाही. विष्णुपुरीच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदा उभे राहिलो. मग लग्नं झाली, गणपती झाले. पुढे प्रकाशच्या पुतणीने टाकलेला एक व्हिडिओ लोकांनी इतका पाहिला की पुण्या-हैदराबादहून बोलावणी येऊ लागली. त्याआधी जळकोटला एका कार्यकर्त्याने गाणं थांबवून पडद्यामागे जाऊन पाहिलं होतं. "कॅसेट लावून राहिले का ओ तुम्ही? ढोलकीवाला कुठं हाय?"

"पोटात हाय," सलीम म्हणाला. "जेवला न्हाई अजून, म्हणून हळू वाजवून राहिला." त्या दिवशी आम्हाला दोनदा वाढलं.

गाणं सुरू करणं त्याचंच काम. हात हलवणं नाही, मान नाही. नाकाने एकदा जोरात श्वास ओढायचा, की आम्ही तिघं एकदम सुरू. हैदराबादला अल्बम केला, तेव्हा तिथल्या रेकॉर्डिंगवाल्याने ते सगळे श्वास खरखर समजून काढून टाकले. मी भांडायला निघाले. "जाऊ द्या मॅडम," सलीम म्हणाला, "श्वास काय, घरी लई हायत."

लातूरचा कार्यक्रम तो असतानाच ठरला होता. प्रकाश म्हणाला, ढोलकीवाला घेऊ. वैशाली म्हणाली, आता बंदच करू. मी म्हटलं, एकदा बसू, मग ठरवू. गेल्या रविवारी रझियाने खोली उघडून दिली. काचेचे तुकडे, लोकांनी न नेलेल्या फ्रेमा, भिंतीशी त्याचं उशी घातलेलं स्टूल. प्रकाशने रेकॉर्डिंगवाल्याकडून मागवलेला अल्बमचा नुसता ताल मोबाइलवर लावला. ताल सलीमचाच होता, पण उचलायचं कुठून ते कळेना. तिघंही तोंड उघडून एकमेकांकडे बघत राहिलो. पुन्हा लावलं, पुन्हा तेच...

"ताई, न्हाई होत," वैशाली म्हणाली.

मी मोबाइल बंद केला आणि नाकाने जोरात श्वास ओढला. वैशाली वेळेवर आली, प्रकाश मागे राहिला. आम्ही थांबलो.

रझिया दारातच उभी होती. "जरा लांब घ्या, ताई," ती म्हणाली. "हे लांब घ्यायचे."

मी लांब घेतला.