ड्रमरच्या स्टुलाची करकर

दुकानाच्या काचेत तो हेवी मेटलचा जुना अल्बम पुन्हा नव्या खोक्यात मांडला होता. ही त्याची पाचवी आवृत्ती. कव्हरवरची कवटी दर खेपेला जास्तच चकचकीत होत चालली आहे.

या अल्बममधलं तिसरं गाणं सुरू होण्याआधी ड्रमरच्या स्टुलाची करकर ऐकू यायची. हॉस्टेलवर आम्ही चौघं एकाच घासलेल्या कॅसेटवर तो अल्बम ऐकायचो. ती जागा जवळ आली की कोणीतरी हात वर करून बाकीच्यांना गप्प करायचं. करकर झाली की कळायचं, गडी बसला, आता भिंती हादरणार.

"आवाज बघा, साहेब," दुकानदार हेडफोन पुढे करत म्हणाला. "मूळ टेपवरची सगळी घाण साफ केलीय."

मी तिसरं गाणं लावलं. करकर नव्हती.

घाण म्हणे. तो ड्रमर जाऊन कैक वर्षं झाली. त्याच्या अंगाचं वजन या जगात कुठे उरलं असेल तर त्या अर्ध्या सेकंदात. कुण्या दीडशहाण्याने एसीत बसून तेही पुसलं, आणि वर खोक्यात त्याचाच मोठा फोटो घातला, गुळगुळीत कागदावर.

माझा विश्वास बसेना. मी दुसऱ्या गाण्याच्या शेवटापासून पुन्हा लावलं. दुकानदार किंमत सांगायला लागला, तेवढ्यात ती जागा आली आणि सवयीने माझा हात वर गेला. तो बिचारा लगेच गप्प झाला.

त्या जागी काहीच वाजलं नाही.