मुलाखतीला निघालेली सुकेळी

मंडळी, आज सकाळी पुतणी सरकारी नोकरीच्या मुलाखतीला निघाली, तेव्हा मी तिच्या हातात घरी वाळवलेल्या केळ्यांचा, म्हणजे सुकेळ्यांचा पुडा ठेवला. म्हटलं, "साहेबांना दे."

ब्याऐंशी साली मी बी.कॉम. होऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या खेपा घालायचो. प्रत्येक खेपेला वडील असाच पुडा द्यायचे. "कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये रे." मला ती लाच वाटायची. पुडा मी वसईच्या एसटी स्टँडवरच खाऊन टाकायचो. नोकरीचा कॉल काही आला नाही. उमेळ्याला घरच्या केळीच्या वाडीतच राहिलो.

पुतणी म्हणाली, "काका, नोकरी लागली तर ती अभ्यासामुळे की पुड्यामुळे, हे मला कसं कळणार?"

तुम्ही काय सांगितलं असतं?

पुडा ती ठेवूनच गेली, समोरच पडलाय. आज खाववत नाही.